बारावा फुगवटा

"कोणत्या गाढवानं वाचलाय हा स्कॅन?"

डॉक्टर भावाचा आवाज एवढा चढला की ताईच्या हातातला कप बशीत खडखडला. रविवारची सकाळ, जेवणाचं टेबल आणि त्यावर मांडलेले त्याचे दोन स्क्रीन... गेले चार महिने घरात दुसरा विषयच नव्हता! महाधमनी सोडून पोटातल्या बाकीच्या धमन्यांवर फुगवटे हजारात किती जणांना निघतात, हे त्याला मोजायचं होतं. ताई त्याच्याच हॉस्पिटलात सीटी मशिन चालवायची. साडेपाच हजार जुने स्कॅन तिनंच शोधून काढले, नावं आणि सह्या झाकून नंबर दिले, खऱ्या नावांची आणि सह्यांची वही स्वतःपाशी ठेवली. आजवर अकरा सापडले होते.

"प्लीहेच्या धमनीवर चांगला अडीच सेंटिमीटरचा फुगवटा! आणि रिपोर्ट काय, तर सगळं नॉर्मल. दोन वर्षं झाली, एव्हाना फुटून मेलाही असेल बिचारा! ताई, नंबर तीन हजार चारशे सात. सही कुणाची ते सांग. उद्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्याची सालटी काढतो!"

ताईनं कप खाली ठेवला. तो नंबर तिचा होता! स्वतःचाच स्कॅन यादीत घालताना तिला गंमत वाटली होती... दोन वर्षांपूर्वी डाव्या कुशीत कळ यायची, तेव्हाचा तो. भावानंच फोनवर बोलता बोलता दोन मिनिटांत वाचला होता आणि "काही नाही गं, वयाची कुरकुर आहे" म्हणत सही ठोकली होती. हाच तो भाऊ! ज्याच्या शिक्षणासाठी तिनं आपलं डॉक्टरकीचं शिक्षण दुसऱ्या वर्षात सोडलं, लग्नाची बोलणी परतवली...

"पेशंटला मी बोलावते," ती कशीबशी म्हणाली. "वाचणाऱ्याला सोड रे."

"सोड? तुझं काय जातं? बटणं दाबणाऱ्यांना काय कळणार त्यातलं!"

"ताईंचं कुणी खास असेल हो," भावजय ओट्यापाशी हसली. "या वयात का होईना!"

तो घाव ताईच्या काळजात आरपार गेला. तरी तिनं समोरची वही उचलून छातीशी धरली. "हवं तर मला घराबाहेर काढ, पण वही मिळणार नाही."

त्यानं ती हिसकावून घेतली. पानं उलटली, बोट ओळीवरून खाली आणलं... आणि बोट तिथंच थांबलं.

"ताई...! अगं, हा स्कॅन तुझा? आणि सही..."

तो तिच्या पायांशी कोसळला आणि हमसून हमसून रडला. "मीच तो गाढव! तुला मरू देणार नाही मी, आईची शपथ!"

तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. किती वर्षांनी तो असा मांडीशी आला होता! सगळं भरून पावलं... रागाचा टिपूसही तिच्या मनात उरला नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले. स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ताई," तो अगदी लाडानं म्हणाला, "परगावच्या सर्जनकडे जाऊ. आधी कधी स्कॅन काढलाच नव्हता, असं सांग हं. आणि हा नंबर यादीतून काढू या. एकानं काय फरक पडतो? तू नाही म्हणणार नाहीस, माहीत आहे मला."

चहा गार झाला होता. ताईनं वही जवळ ओढली आणि आपल्या नावावर हळूच रेघ मारली.

"लिही," ती म्हणाली, "अकरा."

आणि त्यानं खरंच लिहिलं.