मिरकोटची खूण

त्याची गाडी आमच्या मेंढ्यांत अडकली, तेव्हा मी तीन दिवसांत अंघोळ केलेली नव्हती. सप्टेंबरात डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणायच्या म्हणजे हे असंच असतं. घोड्यावर बसून बसून कंबरेचा काटा ढिला झालेला, केसांत चिखल, आणि पाऊस वरून पडायचं सोडून आडवाच तोंडावर येत होता. समोर रस्त्यात भाड्याची पांढरी गाडी, तिच्याभोवती आमच्या तीनेकशे मेंढ्या, आणि काचेतून डोकावणारा एक तरुण चेहरा... घाबरलेला नव्हे, चक्क खूश!

मी घोडा जवळ नेला. त्याने काच खाली केली.

"बाईसाहेब, आपणांस तसदी देतो. मिरकोट नामक शेतवाडी आपणांस ठाऊक आहे काय?"

मला हसू आवरेना. अशी नेटकी भाषा मी फक्त मेलेल्या माणसांच्या पत्रांत वाचली होती.

"तू कुठल्या शतकातून आलास रे?"

"कॅनडातून. मॅनिटोबा. भाषा आजोबांकडून शिकलो, आणि ते एक्याण्णव वर्षांचे आहेत."

"या बेटावर राष्ट्राध्यक्षांनाही अरे-तुरे करतात. मला बाईसाहेब म्हणालास तर घोडा उधळेल माझा."

"मग काय म्हणू?"

"सोलरून."

"मी त्रॉस्ती." त्याने माझ्या चिखलाच्या चेहऱ्याकडे असं पाहिलं, की मला उगाच टोपी सारखी करावीशी वाटली. "तर सोलरून... मिरकोट माहीत आहे?"

माहीत होतं. तेच तर दुखणं होतं.

जिल्ह्याच्या संग्रहालयात माझं कामच ते. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी बोटीत बसून कॅनडाला गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं तिकडून येतात, आणि मी त्यांना त्यांच्या पणज्याचं घर दाखवते. घर म्हणजे काय, गवताने झाकलेले चार उंचवटे. पण ती माणसं त्या उंचवट्यांवर हात ठेवून उभी राहतात, आणि मी शहाण्यासारखी दुसरीकडे बघते. जुन्या वास्तू कशा जपाव्यात यावर मी एक पुस्तिकाही लिहिली आहे. गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना मी व्याख्यानं झोडते. 'आपला वारसा मातीत मिळवू नका' वगैरे.

आणि मिरकोट? मी जन्मायच्या आधी माझ्या वडिलांनी बुलडोझर फिरवून ते सपाट केलं होतं. आज तिथे आमचा मेंढ्यांचा गोठा आहे. फळ्यांच्या जमिनीवर मेंढ्या, आणि फळ्यांच्या खाली माणूसभर खोल लेंडीखताचा खड्डा. त्रॉस्तीच्या पणजोबांचं घर त्या खड्ड्यात होतं.

"उद्या दाखवते," मी म्हणाले. त्याच क्षणी खरं सांगितलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तो इतका आनंदाने हसला, की माझी जीभच उचलेना.

शुक्रवारी मी त्याला लैकूरला नेलं. लैकूर म्हणजे टेकडीपलीकडचं दुसऱ्याच कुणाचं पडकं घर. शेजारी ओढा, समोर खाडी, भिंतींचे उंचवटे हिरवेगार. गाडीत मी स्वतःला समजावत होते, की कुणाचं काय बिघडतंय? म्हातारा तिकडे, घर इकडे, आणि माती काय, सगळी सारखीच.

वाटेत त्याने विचारलं, "तुम्ही लोक म्हणे भेटल्याबरोबर संगणकावर वंशावळ बघता, आपण नातेवाईक तर नाही ना..."

"भेटल्याबरोबर नाही. आवडल्याबरोबर."

"मग? बघितलंस?"

"नाही बघितलं."

मी बघितलं होतं. सकाळी, कॉफी गाळता गाळता. आठव्या पिढीत आम्हा दोघांचा एकच पूर्वज निघाला होता, एक पाद्री. आमच्याकडे एवढ्या लांबचं नातं कुणी मोजत नाही.

"आठवी पिढी," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मी काल बघितलं."

माझे कान तापले. पुढची दहा मिनिटं मी गाडी फारच मन लावून चालवली.

लैकूरला पोचल्यावर तो एकटाच पुढे गेला. दाराच्या जागी दोन दगड होते, त्यांच्यामध्ये गुडघे टेकून बसला. "आठ वर्षांचे होते पणजोबा, इथून निघाले तेव्हा," तो म्हणाला. "परत कधी आलेच नाहीत." मग त्याने तोंड ओंजळीत झाकलं आणि अगदी हुंदके देऊन रडला. मी शहाण्यासारखी दुसरीकडे बघू लागले, पण या खेपेला बघायला जागाच नव्हती. ओढा, खाडी, ढग... सगळीकडे माझं खोटं पसरलेलं होतं.

डोळे पुसून त्याने खिशातून एक पत्र्याची डबी काढली आणि तिच्यात माती भरली.

"आजोबांसाठी. ते गेले की त्यांच्या कबरीत घालायची आहे. त्यांनी दुसरं काही मागितलंच नाही माझ्याकडे."

तिथेच जमिनीने मला पोटात घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. उलट त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "तू नसतीस तर मला हे कधी सापडलं नसतं, सोलरून."

परतताना आम्ही उतारावरची काळी, रसाळ रानफळं वेचून खाल्ली. त्याचे ओठ जांभळे झाले, माझेही झाले असावेत, कारण तो सारखा तिकडेच बघत होता. एरवी मी काहीतरी बोलले असते. त्या दिवशी मला त्याच्या नजरेला नजर देववेना. त्याला वाटलं मी लाजतेय. लाजतच होते मी, पण त्याला वाटत होतं तशी नव्हे.

शनिवारी मेंढ्यांची वाटणी. सगळ्या खोऱ्याच्या मेंढ्या मधल्या गोल कुंपणात कोंडायच्या, आणि कानावर कापलेली ज्या त्या शेतवाडीची खूण बघून ज्याच्या त्याच्या कप्प्यात ओढत न्यायच्या. सगळा गाव जमतो, लोकरीचे स्वेटर घालून, गळे फाडून गात. त्रॉस्तीही आला. मी त्याला कान चाचपायला शिकवलं.

"डोळ्यांनी नको बघूस, बोटांनी बघ. लोकरीत दिसत नाही. हा बघ, टोकाशी कापलेला. इथे खाच."

आमची बोटं त्या ओल्या, गरम कानावर एकमेकांना लागली. मेंढीने दोघांनाही लाथ मारली.

"हिला आवडलेलं दिसत नाही," तो म्हणाला.

"तिला मालक हवाय. आपल्याला काय हवंय ते तिला काय ठाऊक?" माझ्या तोंडून निघून गेलं. तो थांबला, मीही थांबले... आणि आजूबाजूला शंभर माणसं गात होती म्हणून बरं, नाहीतर मी तिथेच सगळं ओकले असते.

तासाभराने तो माझ्याकडे आला. एका काळ्या मेंढीची शिंगं धरून तिला ओढत. चेहरा उजळलेला.

"उजवा कान टोकाशी कापलेला, डाव्याला मागून दोन खाचा! सोलरून, ही आमची खूण आहे! मिरकोटची! आजोबांनी मला लहानपणी घोकून घेतली होती, झोपताना, प्रार्थनेच्या आधी. ही मेंढी कुणाची?"

माझ्या मागे माझे वडील, हफलिदी, उभे होते. ते कमी बोलतात. पण नेमके तेव्हाच बोलले.

"आमची. जमिनीबरोबर खूणही आली ना आमच्याकडे. मिरकोटच्या जमिनीबरोबर."

"पण मिरकोट तर टेकडीपलीकडे..."

"छे रे. मिरकोट आमच्या गोठ्याखाली."

त्रॉस्तीने मेंढी सोडली नाही. माझ्याकडे बघितलं. अजूनही मला एक संधी होती. म्हणू शकले असते, बाबांचा घोळ होतोय, म्हातारे झालेत. त्याचा माझ्यावर इतका विश्वास होता, की मानलंही असतं त्याने.

"बाबा खरं सांगताहेत," मी म्हणाले. "मी तुला खोटी जागा दाखवली. तुझ्या पणजोबांचं घर आम्ही पाडलं, आणि त्यावर गोठा बांधला. खाली खताचा खड्डा आहे. मला ते तुला दाखवायची लाज वाटली."

आजूबाजूची दोन-चार माणसं गायची थांबली.

"मी तिथे रडलो," तो म्हणाला. आता त्याच्या भाषेत जुनं-बिनं काही नव्हतं. "गुडघ्यांवर बसून रडलो. आणि तू बघत होतीस."

"हो."

"ती माती मी त्यांच्या कबरीत घातली असती."

"हो."

तिसऱ्यांदा हो म्हणायची पाळी आली नाही. त्याने काळी मेंढी आमच्या कप्प्यात नेऊन सोडली, फाटक नीट लावलं, आणि निघून गेला. सोमवारी त्याचं विमान होतं.

रविवारी मी चर्चला गेले नाही. गावाला तोंड कसं दाखवणार? वास्तू जपा म्हणून कानीकपाळी ओरडणारी पोरगी, आणि तिच्या बापाचा गोठा नेमका कशावर, हे आता सगळ्यांना पुन्हा आठवलं होतं. पण खरं सांगते, गावाचं एवढं काही वाटत नव्हतं. मला तो डबी भरतानाचा त्याचा हात दिसत होता.

दुपारी गाडी वाजली. तो माझ्याकडे आलाच नाही. सरळ बाबांकडे गेला, म्हणाला, गोठा बघायचाय. मी मागून, पाच पावलं अंतर ठेवून गेले.

आत ऊब होती. मेंढ्या चारा चघळत होत्या, आणि वास... तो काय सांगावा. बाबांनी टोपी काढली.

"मी पाडलं," ते म्हणाले. "बुलडोझर नवा होता. दिसेल ते सपाट करत सुटलो होतो. वाईट केलं. पोरीला लाज वाटली ती माझ्यामुळे."

"तिचं खोटं तिचं," त्रॉस्ती म्हणाला. माझ्याकडे न बघता. "लैकूरला जाऊन आलो आत्ता. माती परत ठेवली. दुसऱ्या कुणाची तरी होती ती."

मग त्याने फोन काढला आणि मॅनिटोबाला लावला. पडद्यावर एक सुरकुतलेला चेहरा आला. त्याने आजोबांना सगळं सांगितलं, लैकूर, डबी, खड्डा, काहीही गाळलं नाही. माझं नावही नाही गाळलं. मग फोन गोठ्यात फिरवला.

"मेंढ्या?" म्हातारा म्हणाला. "किती?"

"तीनशे दहा," बाबा म्हणाले.

"माझ्या आजोबांकडे अकरा होत्या. त्यातल्या चार एका हिवाळ्यात मेल्या, म्हणून निघाले ते." म्हातारा पडद्याजवळ सरकला. "तीनशे दहा! आणि कानावर खूण आपलीच? बरं झालं रे. फार बरं झालं... माती राहू दे आता. तिथलं शेण मात्र आणू नकोस, विमानतळावर धरतील." तो खोकत खोकत हसला. "ती मुलगी कुठे आहे?"

त्रॉस्तीने फोन माझ्यासमोर धरला. मान वर करायला मला किती कष्ट पडले, माझं मला ठाऊक.

"खोटं का बोललात, बाई?"

"लाज वाटली, आजोबा."

"खताची?"

"आधी खताची. मग... त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ना, ती नजर जाईल म्हणून. तो मला आवडायला लागला होता. दर वेळी सांगायचं ठरवायचे, आणि दर वेळी जास्त आवडायचा. मग सांगणं आणखीच अवघड व्हायचं."

बाबांना अचानक एका मेंढीचा खूर तपासायचं आठवलं, आणि ते गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले.

"बरं," म्हातारा म्हणाला. "माझं काम झालं. तुमचं तुम्ही बघा." आणि फोन ठेवला.

आम्ही दोघं उरलो. तो त्या फळ्यांवर उभा होता, पणजोबांच्या घरावर, आणि त्याचे नवे बूट पार खराब झाले होते.

"मी अजून रागावलेलो आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"भरपूर. असा दोन दिवसांत जाणारा नाही हा राग."

"किती दिवस लागतील?"

त्याने विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"मेंढ्या पुन्हा डोंगरावर कधी जातात?"

"जूनमध्ये."

"तोवर तरी राहील."

बाहेर पाऊस पुन्हा आडवा यायला लागला होता. मला विचारायची हिंमत होत नव्हती. पण गप्प बसून काय होतं ते मी नुकतंच भोगलं होतं, म्हणून विचारलं.

"आणि तोवर तू... कुठे बसून रागावणार?"

"इथेच," तो म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "समोर बसून."