पाच बोटांचा घास

तरंगत्या प्रयोगशाळेच्या टेबलावर काचेच्या बरणीत एक बोट होतं, अंगठीसकट.

"महिन्यातलं चौथं," फौजदार जगदाळे म्हणाले. "संध्याकाळी सोनवड तलावात विष सोडायचा हुकूम आहे, मॅडम. कोळ्यांची चाळीस घरं उपाशी पडतील, कळतंय मला. पण मासे माणसांचे हात तोडतायत."

मत्स्यतज्ज्ञ डॉ. केतकी उपळेकरने बरणी उजेडात फिरवली. "ह्या चौघांच्याही घरी पूर्वी गंधबद्ध मासा होता. विचारा त्यांना. साठ वर्षं जगणारे, घडवलेले मासे. पहिल्यांदा जो हात भरवील त्याचा वास ह्यांच्या मेंदूत कोरला जातो. इतर काहीही खाऊन जगतात, पण भूक शमते ती त्याच हातच्या घासानं."

"मग तलावात टाकले कशाला?"

"पाणी बदलायचा कंटाळा. आणि साठ वर्षं कोण थांबतं?"

"म्हणजे सूड उगवतायत."

"सूड कसला, जेवायला येतात बिचारे. वीस-वीस वर्षांची भूक आहे. परक्या हाताला शिवत नाहीत."

"हे ऐकून हुकूम रद्द व्हायचा नाही."

"बघून होईल?" तिने बाही सरकवली.

दाराशी डबा घेऊन बसलेले तिचे वडील उठले. "केते, हातमोजा घाल."

"बाबा, मी भरवायचे ती पवळी तर मेली. तुम्हीच शेवग्याखाली पुरलीत ना? सात वर्षांची होते," ती जगदाळ्यांना म्हणाली. "दोन दिवस जेवले नव्हते."

बाबांनी डब्याचं झाकण उघडलं, लावलं.

केतकी प्रयोगशाळेच्या कडेच्या फळीवर पालथी झाली. उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात. हातभर लांबीचे मासे आले, हुंगून गेले. एक, दोन, दहा. जगदाळे वाकून बघू लागले. ती गुणगुणली, लहानपणी गायची तसं:

*ये गं पवळे काठाला,*
*घास पाचही बोटाला.*

"केते, हात काढ." बाबा पुढे धावले. "शेवग्याखाली काही नाही. बदलीच्या ट्रकात टाकी मावेना, म्हणून ह्याच तलावात..."

पाणी फाटलं. लाल जबडा तिच्या हातावर मिटला आणि हाडं ओल्या काटक्यांसारखी मोडली. मासा अंग पिळून झटके देत होता, तिचं कपाळ फळीवर आपटत होतं. जगदाळ्यांनी वल्हं घातलं. खवले उडाले, एक डोळा फुटला, पण पकड सुटेना. बाबांनी पाण्यात उडी घेतली, आपला हात त्या दातांत कोंबला. माशाने तो नुसता बाजूला सारला.

मग दोन बोटं घेऊन पवळी सुटली आणि तिथेच संथ घिरट्या घालू लागली.

जगदाळ्यांनी पिस्तूल काढलं.

"थांबा," केतकी दात आवळत म्हणाली. "पुरावा हवा होता ना? बाबांचा हात बघा."

त्या हातावर ओरखडासुद्धा नव्हता. जगदाळ्यांनी पिस्तूल खाली केलं. मग त्यांनी हुकमाचा कागद घडी करून खिशात घातला.

"मला वाटलं, मोठ्या पाण्यात सुखात राहील," बाबा म्हणाले.

केतकीने डाव्या हाताने बाही जखमेवर आवळली.

विषाऐवजी दुसरा हुकूम निघाला. ज्याने मासा टाकला, त्याने रोज काठावर येऊन भरवायचं. टाके निघाल्यावर केतकीही आली. शेजारी मासे टाकलेले सहाजण हातात घास घेऊन उभे होते. बाबांनी डबा धरला. पवळीची अजून पस्तीस वर्षं उरली होती.

केतकीने भाकरीचा तुकडा पाण्यात धरला. एका डोळ्याचं लाल तोंड हळूच वर आलं.

*ये गं पवळे काठाला,*
*घास तीनच बोटाला.*