गाडीला दिलेलं आवतन

ज्याला खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं. मी कोणाच्या पाया पडायला आलेलो नाही.

मी हरिदास. एसटीत सत्तावीस वर्षं ड्रायव्हर होतो. बोलतो झाडीबोलीत, पण लिहिताना शाळेतली मराठी लिहितो, सांभाळून घ्या.

ही गोष्ट दोन हजार तेवीसच्या पोळ्याची. नागभीडपासून आठ किलोमीटर आत, जंगलाला लागून आमचं गाव आहे. वाघामुळे दिवस मावळला की रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही.

शुगरमुळे माझा डावा पाय गुडघ्याखाली कापला. नकली पायाने क्लच दाबता येत नाही. म्हणून मी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. दोन हजार आठचं मॉडेल, पांढरी. मालक वारले होते. पुण्याच्या त्यांच्या मुलाने, पवनने, विकली. डिकीत लाल ऑइलच्या दोन सीलबंद बाटल्या आणि एक लांब नळीचं नरसाळं होतं, पेपरात गुंडाळून ठेवलेलं. तेही मला मिळालं.

बायको मनकर्णा आधीच गेलेली. घरात मी एकटा. ती गाडी होती म्हणून मी दवाखान्यात जात होतो, बाजारात जात होतो, माणसांची तोंडं पाहत होतो.

आणि त्या पावसाळ्यात गाडीने गिअर धरणं सोडलं.

हँडल D मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरात, टाकलं की इंजिन नुसतं ओरडायचं. गाडी जागची हलायची नाही. मग अचानक हिसका देऊन निघायची.

नागभीडच्या प्रवीण मेकॅनिकने विचारलं, "काका, गिअरबॉक्सचं ऑइल पाह्यलं का?"

माझं डोकंच फिरलं. "अबे, तू चड्डीत होता तवापासून मी एसटी चालवून राह्यलो! मले ऑइल पाहाले शिकवते? रोज सकाळी पाहतो. फुल्ल आहे."

"मंग बिमारी आतून हाय. चंद्रपूरले नेऊन खोला लागन."

मुलगी दिव्यानी नागपूरला असते. तिने फोनवर निकालच दिला. "बाबा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हे गिऱ्हाईक घेऊन येतील. गाडीने गिअर धरला तर ठेवा. नाही धरला तर गाडी विकायची आणि तुम्ही आमच्याकडे यायचं. आता बस झालं."

मी हो म्हणालो. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार होतो? पण तिच्या दोन खोल्यांत, तिसऱ्या मजल्यावर, मी म्हणजे खिडकीपाशी ठेवलेली कुंडी. मला जायचं नव्हतं. हे तिला कधी सांगता आलं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. पळसाच्या पानाने खांद्याला हळद-लोणी लावायचं आणि आवतन द्यायचं, म्हणजे जेवायचं आमंत्रण. शेजारचा लटारू त्याच्या जोडीचे खांदे शेकत होता. मी माझ्या अंगणात गाडीजवळ बसलो होतो. माझी जोडी पाय गेला तेव्हाच विकली.

लटारू हसला. "हरिदासभाऊ, तुमच्या बैलाचे खांदे नाई शेकत का?"

त्याने कुंपणावरून पळसाचं पान दिलं. मलाही त्या दिवशी जरा हसायचं होतं. मी बोनेटच्या दोन्ही बाजूंना हळद-लोणी लावलं. हात जोडले.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"कोनाले आवतन देता भाऊ? आत त कोनी बसून नाई," लटारू म्हणाला आणि बैल घेऊन गोठ्यात गेला.

मी उठायला लागलो, आणि...

खट्ट.

आवाज गाडीच्या आतून आला. गिअरचं हँडल P मधून, म्हणजे पार्किंगमधून, काढताना येतो, तोच.

मी काचेला डोळा लावला. गाडी बंद. दारं बंद. हँडल P वरच होतं. चावी माझ्या खिशात होती.

वय झालं, कान वाजतात, असं म्हणून मी झोपलो.

दुसऱ्या दिवशी पोळा. चार वाजता सगळं गाव तोरणाखाली जमलं. चिखलात नकली पाय फसतो, म्हणून मी गेलो नाही. लटारूच्या बायकोने पुरणपोळ्या आणून दिल्या होत्या. आवतन दिलं म्हणजे ताट वाढावं लागतं, मस्करीत दिलं तरी. मनकर्णा असती तर तिने सोडलं नसतं मला. मी एका ताटात दोन पोळ्या वाढल्या आणि गाडीसमोर ओट्यावर ठेवल्या.

आत येऊन पाय काढला. खाटेवर पडून दुरून येणारे ढोल ऐकत होतो.

मग ढोल थांबले.

कुत्री गप्प झाली. पाखरंही गप्प. एवढी शांतता मी मनकर्णा गेली त्या दिवशीच ऐकली होती.

आणि अंगणात...

गाडी चालू झाली.

चावी माझ्या डोळ्यांसमोर खिळ्याला लटकत होती. हलतसुद्धा नव्हती.

मी पाय बांधला. पट्टा दोनदा सुटला. बाहेर यायला मला दोन मिनिटं लागली असतील, जास्त नाही.

बोनेट वर उचललेलं होतं.

इंजिन एका सुरात चालू होतं. मी पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. नागपूरहून आल्यासारखी गाडी तापली होती. दोन मिनिटांत?

ड्रायव्हरची सीट पार पुढे सरकलेली होती. माझ्यासारखा उंच माणूस तिथे बसूच शकत नाही.

आणि ओट्यावर, पळसाच्या पानावर, गिअरबॉक्सचं ऑइल मोजायची डिपस्टिक काढून ठेवली होती. स्वच्छ पुसलेली.

पळून जावंसं वाटलं. पण एका पायाने पळून जाणार कुठे? आणि हाक मारली तरी ऐकायला कोण होतं?

मला काय वाटलं कोण जाणे, मी ती डिपस्टिक उचलली. इंजिन चालू असतानाच आत घातली. बाहेर काढली.

टोकाला थेंब होता फक्त. बाकी कोरडी!

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी रोज सकाळी थंड, बंद गाडीचं ऑइल पाहत होतो. एसटीची सवय. पण या गिअरबॉक्सचं ऑइल गाडी बंद झाली की सगळं खाली उतरतं, आणि डिपस्टिकवर फुल्ल दिसतं. खरं माप गाडी तापलेली आणि चालू असतानाच कळतं. सत्तावीस वर्षांचा तोरा, आणि गाडी माझ्या डोळ्यांदेखत उपाशी चालली होती.

मी डिकीतल्या लाल ऑइलची बाटली फोडली. नरसाळं लावलं. थोडं ओतायचं, पुसायचं, पाहायचं. पुन्हा थोडं.

आणि सगळा वेळ माझ्या डाव्या हाताला कोणीतरी उभं होतं.

दिसत नव्हतं. मी वळूनही पाहिलं नाही. पण म्हाताऱ्या माणसाचा श्वास होता तो. थोडा धाप लागलेला.

ऑइल खुणेला टेकलं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बस?"

इंजिन बंद पडलं.

दूर ढोल पुन्हा सुरू झाले. मी ओट्याकडे पाहिलं. ताट तिथे नव्हतं.

ताट न्हाणीत सापडलं... धुऊन पालथं ठेवलेलं. पाणी अजून निथळत होतं. एकट्याने जेवणारा माणूस ठेवतो ना, जेवण होताच उठून, तसंच.

मी पवनला फोन लावला. "तुमचे वडील कसे गेले, पोरा? खरं सांग."

त्याने आधी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"काका, तुम्ही गाडी घेणार नाही म्हणून सांगितलं नाही. बाबा, म्हणजे गुणवंतराव, दर सणाला गाडी चालू करून गिअरबॉक्सचं ऑइल पाहायचे. गेले त्या वर्षीच्या पोळ्यालाही तेच करत होते. बोनेटपाशीच गेले. आम्ही पुण्यात होतो. दोन दिवसांनी शेजाऱ्यांना कळलं, तोवर पेट्रोल संपून गाडी बंद पडली होती. घरात ताट वाढून झाकून ठेवलं होतं..."

मी त्याला सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देईल.

पोरगा रडायला लागला. म्हणाला, "काका, जेवले का ते?"

"दोन्ही पोळ्या खाल्ल्या," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दहाला जावई गोपाल गिऱ्हाईक घेऊन आला. हँडल D मध्ये टाकलं, आणि गाडी लोण्यासारखी निघाली. गोपालने मुकाट्याने गिऱ्हाईक परत नेलं. मी इथेच राहिलो, गाडीही राहिली.

पण गोपाल यायच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. त्या पहाटे मारबत निघाली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे दारादारातून पळसाच्या फांद्या गोळा करून गावाबाहेर फेकतात. रोगराई, भूतबाधा, सगळं त्यांच्यासोबत जावं म्हणून घराघरातला माणूस दारात येऊन ओरडतो.

पोरं माझ्या दारात आली. फांदी उचलली. "घेऊन जा गे मारबत!" आख्खी गल्ली ओरडली.

माझा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. मला भीती वाटत होती, खोटं काऊन बोलू? मी तोंड उघडलं.

आवाज काढला नाही.

"काऊन भाऊ, वरडत नाई?" लटारूने विचारलं.

"गळा बसला," मी म्हणालो.

तो गाडीकडे पाहत पाहत पुढे गेला. पोरं गेली. गल्ली रिकामी झाली.

आज दोन वर्षं झाली. सीट रात्री मागे करतो, सकाळी पुढे असते. दिव्यानीला सांगितलेलं नाही. संध्याकाळी अंगणात जायच्या आधी मी दारात थांबतो आणि खाकरतो. स्वतःच्याच घरात.