ओरनचा पट्टा

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे घडलेलं आहे, आणि माझ्या मावशीच्या यजमानांबाबत घडलेलं आहे.

फिंटनकाका आयर्लंडच्या रॉसकॉमन भागात गावोगाव फिरायचे. गाड्यांमध्ये लहान मुलांच्या सीट नीट बसवल्यात का, पट्टे घट्ट आहेत का, ते फुकट तपासून द्यायचे.

२४ नोव्हेंबर. बॉईल गावातल्या चर्चमागचं पार्किंग. दुपारचे चारच वाजले होते, पण अंधारून आलं होतं.

शेवटी एक राखाडी गाडी उरली. स्टिअरिंगवर डर्वला नावाची बाई. मागे लहान मुलाची सीट.

सीटमध्ये मूल नव्हतं.

"झोपलाय," ती हळूच म्हणाली. "उठवू नका त्याला."

काकांना काही उमजेना. वाद कशाला, म्हणून वाकले आणि पट्टा ओढला. रिकाम्या सीटचा पट्टा ओढला की थेट पाठीला चिकटतो.

हा चिकटला नाही...

वीतभर आधीच अडला.

पट्टा आणि छाती यांच्यामध्ये एकच बोट जायला हवं. काकांनी सवयीने बोट घातलं.

पट्ट्याखाली ऊब होती.

आणि ती ऊब... वर-खाली होत होती.

काकांनी तपासणीच्या कागदावर कशीबशी सही केली. गाडी गेली. त्यांच्यासोबत काम करणारी न्यूला चहाचे कप धरून तशीच उभी होती.

"ओळखलं नाहीस तिला?"

मग तिनेच सांगितलं. मागच्या वर्षी याच जागी डर्वलाची सीट तपासली होती. पाऊस होता, रांग मोठी होती. तपासणाऱ्याने काचेतूनच नजर टाकली आणि सही केली. सहा दिवसांनी गाडी लॉरीवर आदळली. दोन वर्षांचा ओरन सीटसकट बाहेर फेकला गेला.

सही कोणाची, ते न्यूला बोलली नाही. काकांना कळलं होतं.

पुढच्या नोव्हेंबरात डर्वला पुन्हा आली. पट्टे खांद्याला आखूड पडतात, म्हणाली. काकांनी ते एक घर वर सरकवले.

त्याच्या पुढच्या वर्षीही आली. मग मोठी सीट आली. मग नुसती उंच बैठक.

मावशी विनवायची, बंद करा हे, फादरना सांगा. काकांचं एकच म्हणणं, "ती येईल तेव्हा मी तपासणार. आता तरी नीट."

दहाव्या वर्षी तिने विचारलं, "दीडशे सेंटिमीटर झाला. आता कायद्याने सीट लागत नाही ना?"

"नाही."

"मग काढून टाका. मागच्या दाराचं मुलांचं लॉकही काढा. त्याला आतून उघडता येऊ दे."

काकांचा हात थांबला. "कशाला?"

"मोठा झालाय. विचारत असतो हल्ली."

"काय?"

"सीट कोणी तपासली होती ते."

ती समोर रस्त्याकडे बघत होती. आवाजात राग नव्हता. नुसता थकवा.

"मी नाव सांगून टाकलं, फिंटन. किती दिवस लपवणार?"

काकांनी लॉक काढलं. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

गाडी निघाली. वळणावर तिचं मागचं दार उघडलं...

आणि बंद झालं.

गाडी थांबली नव्हती.

डर्वला परत कधीच आली नाही. काकांनी नोकरी सोडली. त्यानंतर ते कोणाच्याच गाडीत बसले नाहीत. मावशीच्या अंत्ययात्रेतसुद्धा सगळ्यांच्या मागून पावसात चालत आले.

गेल्या महिन्यात ते मला रस्त्यात दिसले. भिजले होते. मी गाडी थांबवली, काच खाली केली. म्हटलं, "बसा ना काका, सोडतो घरी."

ते वाकले. माझ्याकडे नाही, मागच्या सीटकडे बघत राहिले. बराच वेळ.

मग हळू आवाजात म्हणाले, "आधी त्याला पट्टा लाव."

आणि चालू लागले.

तिथून माझं घर अठरा किलोमीटर.

मी एकदाही आरशात पाहिलं नाही.