घर, सहा किलोमीटर

नुसता कान लावून बॅटरीचं उरलेलं आयुष्य सांगतो, अशी मिस्तरीची फुशारकी. लगेच तोच मनगट पुढे करी. घड्याळ दोन वर्षं पावणेचारवर थांबलेलं. "याचा सेल गेला तेव्हा कान दुसरीकडे होता," म्हणायचा आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच खिदळायचा.

त्या दुपारी बहिणीच्या गॅरेजात मात्र हसू फुटत नव्हतं. दाजींची विजेवरची गाडी उद्या भंगारात जायची होती. भंगारवाला आधी गाडीचा कॉम्प्युटर वाचणार आणि त्यातली जंत्री कागदावर काढून बहिणीच्या हातात ठेवणार. त्या जंत्रीत मिस्तरीची करामत तारखेसकट नोंदलेली. म्हणून आज ती कॉम्प्युटरची पेटीच उचकटून न्यायची होती.

करामत कसली, खोडी! दाजी त्या बॅटरीचे भारी गोडवे गायचे. यानं गुपचूप कॉम्प्युटरला थाप मारली की थकलेली बॅटरी नवीकोरी आहे. शंभर किलोमीटर जाणारी गाडी दोनशेचा आकडा मिरवू लागली. बेत असा, की चौकात बंद पडेल, ढकलायला आपल्यालाच हाक मारतील, मग वर्षभर चिडवायची सोय. पण दाजी दुसऱ्याच दिवशी डोंगरापलीकडे गेले. परतताना कडाक्याच्या थंडीत गाडी बसली, घर बेचाळीस किलोमीटरवर असताना. हीटर बंद, फोन बंद. सापडले तेव्हा काचा आतून गोठल्या होत्या, आणि दाजीही.

बहीण बॅटरीलाच शिव्या घालत होती. आणि मिस्तरीला 'जेवलास का' विचारणारं तिच्यावाचून जगात कुणी नव्हतं.

शॉक बसू नये म्हणून त्यानं आधी मोठी बॅटरी उतरवून ट्रॉलीवर ठेवली. पुढची छोटीही काढली. गाडी आता नुसता पत्रा. मग सीटवर वाकून त्यानं पेटीच्या पहिल्या स्क्रूला हात घातला.

आणि घूं... घूं... असा आवाज सुरू झाला. विजेची गाडी हळू चालताना घुमते, तसा. ट्रॉलीवरची बॅटरी गार पडलेली. त्यानं तिला हात लावून पाहिला. दोन्ही वायरी लोंबत होत्या. तरी गॅरेजात दाजींच्या स्वेटरसारखा ओल्या लोकरीचा वास पसरला, आणि बाहेर ऊन असून काचेच्या आतल्या बाजूवर दहिवर चढू लागलं.

समोरचा पडदा उजळला.

घर: ९ कि.मी.

"दाजी... मस्करी पुरे," तो पुटपुटला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला मस्करी नको होती.

८... ७...

दार करकरलं. बहीण चहा घेऊन उभी. मिस्तरी झटकन वळला आणि पडद्याला पाठ लावून बसला. पाठीला बर्फाचा चटका बसला.

"किती राहिलं रे, दादा?"

"काय किती? बंद आहे गं. बॅटरी बघ ना, ती तिथं पडलीय. मेलेली गाडी..."

"परवा एकतीस होतं. काल सतरा."

"तुला भास होतात. जा, आत जा तू... थंडी आहे इथं."

ती हलली नाही. कपातली वाफ केव्हाच विरली होती.

"हे म्हणालेच होते," ती शांतपणे म्हणाली, "दादा आला की आधी आकडा झाकील."