गीझरमधला पांढरा थर

गीझर चालू होता, पंपही फिरत होता, तरी घर गार पडत चाललं होतं. हे कसं शक्य आहे, ते चार्वीला कळेना.

मंगळावरच्या त्यांच्या वसाहतीत प्रत्येक घराच्या भिंतींतून पाइप नेलेले होते. गीझरमध्ये तापलेलं पाणी त्यांतून फिरायचं आणि खोल्या उबदार ठेवायचं. बाहेर धुळीचं वादळ घोंगावत होतं. आईबाबा दूरच्या केंद्रावर अडकले होते. घरात चार्वी, तिची रसायनशास्त्रज्ञ प्रज्ञाआत्या, चार्वीचा पाच महिन्यांचा भाऊ ईशान आणि खंड्या नावाचा यंत्रमानव, एवढेच होते.

"खोलीचं तापमान बारा अंश," खंड्या म्हणाला. "गीझरची वीज वाढवू का?"

आत्याने ईशानला आपल्या जाकिटात छातीशी धरलं होतं. ती उत्तर देणार, तोच चार्वीने विचारलं, "खंड्या, गीझरची पाणी तापवणारी कॉइल किती तापलीय?"

"धोक्याच्या रेषेजवळ आहे."

"आणि बाहेर पडणारं पाणी?"

"कोमट."

चार्वी बुचकळ्यात पडली. "कॉइल एवढी तापलेली आणि तिच्याभोवतीचं पाणी कोमट? मग उष्णता जाते कुठे, आत्या?"

"जात नाहीये, अडकलीय. कशात अडकलीय ते शोधायचं. हल्ली घरात काय बदललं, आठव बरं."

"पाणी," चार्वी म्हणाली. "आधी बर्फ वितळवून यायचं, आता नव्या विहिरीचं येतं. तेव्हापासून साबणाला फेसच येत नाही. टॉवेल वाळले की पापडासारखे कडक होतात. आणि किटलीच्या तळाला पांढरं काहीतरी धरलंय. खरवडूनही निघत नाही."

"खडकांतून झिरपताना पाणी त्यांतले क्षार (खनिजांचे विरघळलेले अंश) सोबत घेतं," आत्या म्हणाली. "कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार फार झाले की ते दुष्फेन पाणी (साबणाला फेस न येऊ देणारं पाणी) होतं. गार असताना दिसायला नितळच. पण तापलं की काही क्षार त्यात विरघळून राहू शकत नाहीत."

"म्हणून ते किटलीत साचतात. म्हणजे गीझरमध्येही..." चार्वीचा आवाज खाली आला. "कॉइलवर. तीच तर सगळ्यात गरम असते."

"बरोबर. तिच्यावर दगडाचं पांघरूण चढलंय. त्यातून उष्णता पाण्यापर्यंत फार कमी पोचते."

"मग वीज वाढवली तर कॉइलच जळेल."

आत्याने मान डोलावली. वादळ थांबेपर्यंत दुसरी कॉइल मिळणार नव्हती. "खंड्या, गीझर बंद कर."

"घरात बाळ आहे. एवढ्या थंडीत गीझर बंद करू नये, असा नियम आहे."

"माहीत आहे. तरीही बंद कर."

गीझरची घरघर थांबली. भिंतींवर घासणाऱ्या धुळीचा आवाज एकदम मोठा वाटू लागला.

खंड्याने पाणी काढून गीझरचं झाकण उघडलं. कॉइल उसाच्या कांड्याएवढी जाड झाली होती. पाणी बाहेर जायच्या पाइपचं तोंडही आतून भरत आलं होतं. जेमतेम करंगळी जाईल एवढं भोक उरलं होतं.

"ठोकून काढू?" चार्वीने विचारलं.

"कॉइल तुटेल. स्वयंपाकघरातलं लिंबूसत्त्व आण. ते आम्ल (आंबट रसायन) आहे. हा थर त्यात विरघळतो."

चार्वीने चष्मा आणि हातमोजे घातले, लिंबूसत्त्व पाण्यात कालवून गीझरमध्ये ओतलं. आत फसफस सुरू झाली.

"झाकण लावू नकोस," आत्या म्हणाली. "हा कार्बन डायऑक्साइड वायू आहे. कोंडला तर दाब वाढेल. खंड्या, हवा शुद्ध करणारा पंखा जोरात लाव."

"आठ अंश," खंड्या म्हणाला.

इतका वेळ किरकिरणारा ईशान गप्प झाला. त्याच्या रडण्यापेक्षा त्या शांततेची चार्वीला जास्त भीती वाटली. आत्या त्याची पाठ भराभर चोळत होती. फसफस थांबली, पण थर अजून होताच. चार्वीने उरलेलं लिंबूसत्त्व ओतलं. आता डब्यात काहीच शिल्लक नव्हतं.

हळूहळू थराला भेगा पडल्या. एक खपली सुटली, मग दुसरी, आणि खालचा धातू चमकला.

चार्वीने गीझर विसळला आणि पिण्यासाठी साठवलेलं बर्फाचं पाणी त्यात भरलं. खंड्याने वीज सुरू केली. चार्वी भिंतीला तळहात लावून उभी राहिली. भिंत गारच होती. बराच वेळ गारच राहिली. मग तळहाताखाली किंचित ऊब जाणवली.

थोड्या वेळाने ईशानने भोकाड पसरलं. आत्या मटकन खाली बसली आणि हसली. कुणीच त्याला गप्प केलं नाही.

वादळ ओसरल्यावर आत्याने विहिरीच्या नळाला एक गाळणी बसवली. तिच्यातले रेझीनचे (प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे) बारीक मणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवत आणि त्यांच्या बदल्यात सोडियम पाण्यात सोडत. त्यामुळे पुन्हा थर साचणार नव्हता. चार्वी मात्र गीझरमधून निघालेली एक खपली उजेडात धरून बघत होती.

"आत्या, हा थर पाण्यामुळेच झाला ना? मग बाहेर डोंगरात असा पांढरा थर सापडला, तर तिथे कधीतरी पाणी होतं असं म्हणता येईल?"

आत्याने हातातलं काम थांबवलं. "तसं असू शकतं. पण तो खरंच याच क्षारांचा आहे का, ते आधी तपासावं लागेल."

"कशाने?"

"आम्लाचा थेंब टाकून. फसफसला तर पुढे शोध घ्यायचा."

चार्वी खिडकीपाशी गेली. धूळ खाली बसली होती आणि दूरचे डोंगर पुन्हा दिसू लागले होते. कुठल्या डोंगरापासून सुरुवात करायची, ते ती ठरवू लागली.