एकशे चौदा नंबरची कॅसेट

संदीप, ती चिकटपट्टी खाली ठेव. मॅच उद्या रेकॉर्ड करायची आहे, रात्र अजून पुष्कळ आहे. कॅसेटच्या मागच्या कडेची ती नखाएवढी खिट्टी कुणी मोडली असेल, तर काही विचार करून मोडली असेल. खिट्टी नसली की मशीन त्या कॅसेटवर दुसरं काही घेत नाही. बटण दाबलं तर कॅसेट बाहेर ढकलतं. भोकावर पट्टी चिकटवली की मात्र फसतं बिचारं. जुनं पुसून नवं घेतं.

"काका, कुणाचा तरी वाढदिवस आहे त्यात. केक कापून झाला, खाऊन झाला."

असेल. वृषाली, दार लोटून घे, गार येतंय. बस अशी. एका माणसाचं सांगतो. मग लाव पट्टी, लावायची असली तर.

सत्यवान भिंगारदिवे. नगरला तारकपूरमध्ये आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. पुढच्या खोलीत व्हिडिओ शूटिंगचं दुकान, मागे घर. लग्नात तो कॅमेरा धरायचा आणि त्याची बायको ग्लोरिया हॅलोजनचा दिवा. लोक हसायचे. एकाने विचारलं, "भिंगारदिवे, दिव्याला माणूस मिळत नाही का?" तीच म्हणाली, "माणूस मिळतो हो. पण यांना उजेड कळत नाही." एकदा दिव्याचा तापलेला पत्रा तिच्या उजव्या अंगठ्याला चिकटला. जखम भरली, पण पेरावर चंद्रकोरीसारखा गुळगुळीत डाग राहिला. तिथल्या रेषा पुन्हा उमटल्या नाहीत.

कॅसेटींचं सगळं तिच्याकडे होतं. शूटिंगहून आलं की आधी कॅसेटला नंबर, मग रजिस्टरला नोंद: कुणाचं लग्न, कुठलं गाव, तारीख, कितव्या मिनिटाला काय. शेवटच्या रकान्यात ती दर वेळी एकच शब्द लिहायची. 'जपणे'. मग केसातली पिन काढून खिट्टी मोडायची आणि कॅसेट कपाटात.

गिऱ्हाइकाला जायची ती प्रत. दोन मशीन जोडायची, एकात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. नको ते गाळायचं, मांडवातला आवाज काढून टाकायचा, वर सिनेमाची गाणी.

शहाण्णवच्या लग्नसराईत कोऱ्या कॅसेटी संपल्या, तेव्हा सत्यवानने कपाट उघडलं. जुन्या मूळ कॅसेटींवर पट्ट्या चिकटवल्या आणि नवी लग्नं घेतली. रजिस्टरात 'जपणे'च्या पुढे स्वतःच्या हाताने लिहिलं, 'पुसली'.

ग्लोरियाने ते पाहिलं. "अहो, हे काय केलंत?"

"लोकांनी प्रती नेल्या की. मूळ कुणाला लागतंय आता?"

"माणसाचा काय भरवसा असतो?" एवढंच म्हणाली. रजिस्टर मिटून ठेवलं.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये ती काविळीने गेली. सतरा दिवसांत.

मग त्याच्या लक्षात आलं. अडीचशे लग्नं त्याने घेतली होती. लोकांच्या आत्या, मावश्या, वाजंत्री, मांडवातली कुत्रीसुद्धा त्याच्याकडे होती. ग्लोरिया नव्हती. दिवा धरणारं माणूस चित्रात येत नाही, त्याचा नुसता उजेड येतो. निदान आवाज तरी असेल म्हणून त्याने लोकांना दिलेल्या प्रतीही मागून आणल्या आणि रात्र रात्र कॅसेटी लावल्या. प्रतींवर सगळीकडे गाणी. मूळ आवाज ज्यांत असायला हवा होता, त्यांतल्या कितीतरी कॅसेटी त्यानेच पुसल्या होत्या. उरलेल्या मूळ कॅसेटींत ती गप्पच होती. काम करताना ती बोलायची नाही.

दिवा त्याने कोपऱ्यात ठेवून दिला. बल्ब उडाला होता, तो बदललाही नाही.

आता त्या दिवसाचं. त्याच वर्षी बारा डिसेंबर, शुक्रवार. एका लग्नाची कॅसेट पोचवायला तो एसटीने खर्ड्याला गेला. कॅसेट दिली, चहा घेतला, निघाला. स्टँडवर एका म्हातारीने त्याची बाही धरली. बनाबाई. तिच्या मुलाचं, भिमाजीचं लग्न यानेच घेतलं होतं, चौऱ्याण्णवच्या मेमध्ये.

"भिमाजी गेला, बाबा," ती म्हणाली. "हिरीचं काम चालू हुतं, सुरुंगात गेला. पोरगं तवा पोटात हुतं."

सत्यवानने हातातली पिशवी खाली ठेवली.

"तुमची क्यासेट ट्रंकेत ठिवली हुती. बुरशी आली, मशीन धरत न्हाई. दुसरी हाय का तुमच्याकडं?"

"फोटो असतील ना, आजी?"

"फोटो हायत की. पर फोटोतला बाप चालत न्हाई. पोराला येकदा चालनारा बाप दावायचाय."

आणि हा म्हणाला, "मूळ कॅसेट आहे नगरला. परवा आणून देतो."

शब्द तोंडातून गेला. एसटीत बसल्यावर त्याला आठवलं, जुन्या कॅसेटी आपणच पुसल्यात.

नगरला पोचला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. गल्लीत नाताळचे कागदी तारे लागले होते. याच्या दारावर नव्हता. न जेवता त्याने रजिस्टर काढलं. नंबर एकशे चौदा. भिमाजी, खर्डा. ग्लोरियाचं वळणदार 'जपणे'. पुढे त्याचं अक्षर. 'पुसली'.

कॅसेट काढली. मागे पट्टी होती, त्यानेच लावलेली. नखाने उचकटून पाहिली, निघाली नाही. म्हणाला, राहू दे, उद्या काढू.

मशीनमध्ये घातली. वर राहात्याचं कुठलंसं लग्न. ते पळवत शेवटापर्यंत नेलं. राहात्याचं लग्न संपलं. पडद्यावर मुंग्या आल्या. आणि मुंग्यांतून... खर्डा.

नवं लग्न जुन्यापेक्षा तीन मिनिटांनी आखूड होतं. तेवढं शेपूट वाचलं होतं.

भिमाजी बाशिंग काढून मांडवातून चालत येतो. रांजणातून पाणी घेतो. कुणीतरी काही बोलतं, तो हसतो, पाणी सांडतं. कॅमेऱ्याकडे बघून म्हणतो, "बास की आता, वो." आणि अगदी जवळून, कॅमेऱ्याच्या शेजारून, एक बाईचा आवाज...

"विझवू का हो?"

पुढे काही नाही. कॅसेट संपली.

सत्यवानने मागे घेतलं. पुन्हा लावलं. अकरा वेळा लावलं, असं तो मला म्हणाला. डोळ्यांना धड दिसत नव्हतं. मग विचार आला की टेप झिजेल, आधी प्रत काढली पाहिजे. त्याने मूळ कॅसेट शेपटाच्या सुरुवातीला आणली. बाहेर काढली. कोरी उचलली. दोन्ही काळ्या, दोन्ही सारख्या. एक या मशीनमध्ये, एक त्या मशीनमध्ये.

दहा वर्षांच्या धंद्यात कधी झाली नव्हती ती चूक तेव्हा झाली. कोरी गेली दाखवणाऱ्या मशीनमध्ये. एकशे चौदा गेली रेकॉर्डच्या मशीनमध्ये. मागे पट्टी तशीच.

त्याने बटण दाबलं.

खट् असा आवाज झाला.

आणि वीज गेली.

गल्ली काळी. तारे विझलेले. अंधारात त्याच्या ध्यानात आलं, कुठली कॅसेट कुठे आहे ते. हात पुढे गेला... तिथेच थांबला.

समोरच्या भिंतीवर त्याची सावली होती.

अंधारात सावली नसते, संदीप.

पाठीमागून उजेड येत होता. पांढरा. मानेला ऊब लागत होती. तापलेल्या पत्र्यावर धूळ जळल्याचा वास. खोलीत कसलाच आवाज नाही.

तो वळला नाही. मी त्याला विचारलं, का नाही वळलास रे? तो म्हणाला, "इतकी वर्षं मीच सगळ्यांना सांगत आलो, दिव्याकडे बघू नका..."

किती वेळ गेला, त्याला माहीत नाही. मग त्याला वाटलं, कुणीतरी उत्तराची वाट बघतंय. साडेतीन वर्षांपूर्वी मांडवात विचारलेल्या प्रश्नाच्या. तेव्हा त्याने उत्तर दिलं नसेल, मानच हलवली असेल...

तो म्हणाला, "राहू दे."

मग म्हणाला, "जरा वेळ... राहू दे."

राहिला.

...

वीज आली तेव्हा पाच वाजत आले होते. तो खुर्चीतच होता. मागे कुणी नव्हतं. एकशे चौदा नंबरची कॅसेट मशीनच्या तोंडातून अर्धी बाहेर आलेली होती. मागचं भोक उघडं. पट्टी नाही.

सहा वाजता त्याने माझं दार वाजवलं. "मास्तर, चला." मी गेलो. आम्ही कॅसेट लावून पाहिली. भिमाजी चालत आला, पाणी प्यायला, हसला. तिने विचारलं. सगळं जसंच्या तसं होतं. त्या दिवशी कॅसेटींना हात मी लावला, कुठली कुठे घालायची ते तो लांबून सांगत होता. दोन प्रती काढल्या. रविवारी तो खर्ड्याला गेला. बनाबाईने शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर नातवाला मांडीवर घेतलं. पोरगं उठून पडद्याजवळ गेलं आणि भिमाजीबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललं.

"आणि पट्टी, काका?" वृषाली म्हणाली.

पट्टी आम्ही शोधली. मशीनखाली, टेबलाखाली, केरात. नव्हती.

रजिस्टर उघडंच होतं, रात्री ठेवलं तसं. एकशे चौदाच्या ओळीत, त्याने लिहिलेल्या 'पुसली'वर, ती सरळ चिकटवलेली होती. वर दाबून बसवल्याचा अंगठ्याचा ठसा. मी पान उजेडात तिरपं धरलं. रेषा स्वच्छ दिसत होत्या. मधे चंद्रकोरीएवढी जागा कोरी होती.